तीन नंबरपुढचा आकडा

बापूसो बोरगाव्यांच्या दुकानात ‘मस्त’ म्हणायची सोय नव्हती. तशी पाटी काही लावलेली नव्हती, पण एखादं गिऱ्हाईक दुरुस्त झालेला रेडिओ कानाशी धरून “मस्त वाजतोय की ओ!” म्हणालं, की बापूसो हातातली सोल्डर गन बाजूला ठेवून चष्म्यावरून त्याच्याकडं बघत.

“मस्त म्हंजे काय? बोलणाऱ्याचा ‘स’ आणि ‘श’ येगळा ऐकू येतोय का? डग्गा घुमतोय का नुसताच धपधपतोय? का आपला मोठा वाजतोय म्हणून मस्त?”

गिऱ्हाईक रेडिओ बगलेत मारून निघून जाई आणि गल्लीच्या टोकाला जाऊन बापूसोंना चार शिव्या हासडी. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या त्या आठ बाय दहाच्या खोलीत बापूसोंनी चाळीस वर्षं अशी गिऱ्हाइकं पळवून लावली. तरीही दुकान चाललं, कारण माणसाचा कान खरा होता. भजनी मंडळं पेटी घेण्याआधी त्यांना सोबत नेत. जयसिंगपूरचा एक लाउडस्पीकरवाला तर फोनवरून नुसती खरखर ऐकवी आणि बापूसो इकडून सांगत, “डावीकडच्या डब्याचा कागद फाटलाय बग.” तो फाटलेलाच असे.

त्यांचा राग एकाच गोष्टीवर होता. लोक कानानं ऐकत नाहीत. जड असलं की चांगलं, महाग असलं की त्याहून चांगलं, आणि मेव्हण्यानं घेतलेलं असलं की विषयच संपला. कानाला विचारतोय कोण? या एका रागावर बापूसोंनी आयुष्याची एकसष्ट वर्षं काढली, आणि खरं सांगायचं तर तो राग त्यांना मानवलाही होता. दुसऱ्याचं चुकलेलं दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं, ते एरवी यायचं नाही.

गेल्या दिवाळीनंतर पेठेतल्या तालीम मंडळानं वरच्या माडीवर अभ्यासिका काढली. स्पर्धा परीक्षा देणारी पोरंपोरी तिथं दिवसभर बसत, काही तर रोज गडमुडशिंगीहून येऊन-जाऊन करत. प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळा गुरुजी, वेगळा विषय, आणि सगळे एकाच वेळी बोलणारे. आठ दिवसांत माडीचा आठवडी बाजार झाला. मग तालमीनं ठरवलं, सगळ्यांना एकसारखे हेडफोन घ्यायचे. तीन नमुने आले. एक पुण्याच्या कंपनीचा, दुसरा महाद्वार रोडवरच्या एका दुकानाचा आणि तिसरा राजारामपुरीतल्या ‘अनेकांत मोबाइल’चा. हा अनेकांत म्हणजे बापूसोंचा एकुलता एक मुलगा.

तालमीचे अध्यक्ष अमरसिंह आणि त्यांचा उजवा हात गुंडू हे दोघे तिन्ही नमुने घेऊन बापूसोंच्या दुकानात आले. या गुंडूची साउंड सिस्टीम होती. गणपतीच्या मिरवणुकीत त्याची स्पीकरांची भिंत वाजू लागली, की दोन गल्ल्या पलीकडची शटरं थरथरत. असा माणूस आवाज पारखायला आलेला पाहून बापूसोंनी सोल्डर गन जरा जोरातच खाली ठेवली.

अमरसिंहांनी पहिला हेडफोन उचलला आणि वांगी घेताना जोखतात तसा तळहातावर जोखला. “ह्यात माल हाय.” कानाला लावला नव्हता अजून. दुसरा उचलला आणि चटका बसल्यासारखा खाली ठेवला. त्याच्या कडेनं एक रंगीत पट्टा होता आणि तो रंग नेमका समोरच्या पेठेच्या फुटबॉल संघाच्या जर्सीचा होता. “ह्यो? आपल्या तालमीच्या पोरांच्या डोक्यावर? मैदानावर तोंड दाखवायचं न्हाय व्हय आमी?”

“अवो, आवाज ऐका की आधी!” बापूसो ओरडले.

मग गुंडूनं ऐकलं. त्यानं अँप्लिफायरचा नॉब कडेपर्यंत पिळला, डोळे मिटले आणि मान डोलवली. “ह्यो भारी हाय. ह्याला कट हाय बगा. तांबड्या रश्श्यागत येतोय, मागनं ठसका मारतोय. आणि त्यो दुसरा पांढऱ्या रश्श्यावाणी. गुळगुळीत. तुमाला कळालं न्हवं?”

बापूसो जैन. त्यांनी जन्मात तांबडाही चाखला नव्हता आणि पांढराही. त्यांचं डोकं तडकलं. “भिंतीकडं तोंड कर,” ते म्हणाले. गुंडू भिंतीकडं वळला. बापूसोंनी त्याच्या कानांवर एक हेडफोन चढवला, अर्धा मिनिट वाजवला, काढला, टेबलावर उगीच खडखड केली आणि पुन्हा चढवला.

“पैला भारी,” गुंडू म्हणाला. “दुसरा निव्वळ गाळ.”

“दोनी येळंला येकच हुता.”

गुंडूनं जरा विचार केला. “मग दुसऱ्या येळंला तुमी नीट घातला नसणार.”

अमरसिंह पोट धरून हसले, पण माणूस समजूतदार. हसू आवरल्यावर म्हणाले, “बापूसो, आमच्यानं ह्ये व्हायचं न्हाय. तुमीच ठरवा. तुमी म्हणशीला त्यो घेऊ. फकस्त येक हाय, तिसरा तुमच्या अनेकांतचा हाय.”

“मग?” बापूसो ताठ झाले. “माझा कान काय नातं बघून ऐकतो?”

त्याच दिवशी दुपारी अनेकांत दुकानाच्या पायरीपाशी येऊन उभा राहिला. आत आला नाही. तीन वर्षांपूर्वी तो या दुकानातून गेला, तेव्हापासून तो पायरीपर्यंतच यायचा. आत कामाच्या टेबलापाशी दोन स्टुलं होती. एक बापूसोंचं, दुसरं त्याचं. आठवीत असल्यापासून तो त्या दुसऱ्या स्टुलावर बसून वायरी सोलायला शिकला होता. एके दिवशी उठला आणि म्हणाला, “आण्णा, दुरुस्ती आता कोण करून घेतंय? मोडलं की नवं आणत्यात. मी नव्याचं दुकान टाकतो.” बोलला ते खोटं नव्हतं, म्हणून तर ते बापूसोंना जास्त लागलं. पण त्यांनी तसं म्हटलं नाही. “टाक,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून दुसऱ्या स्टुलावर ते मोडके रेडिओ रचून ठेवत, कुणी चुकून बसायला नको म्हणून.

“तिसरा नमुना माझा हाय,” अनेकांत म्हणाला. “तीस कंपन्यांचं ऐकून निवडलाय. तुमी शिकवलं तसंच ऐकलं, रोज सकाळी, कान ताजा असताना. थोडा माल आणि कंपनीची पाटी बी आलीया. जिल्ह्याची एजन्सी घ्यायच्या इचारात हाय मी.” मग थांबून म्हणाला, “जादा मार्क नकोत, आण्णा. दुसऱ्यांचं ऐकशीला तसं माझं ऐका. येवढंच.”

“मी समद्यांचं सारकंच ऐकतो,” बापूसो म्हणाले आणि मान खाली घालून कामाला लागले.

परीक्षा मात्र त्यांनी अशी बांधली, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. बायकोकडून, म्हणजे राजमतीबाईंकडून, एका जुन्या चादरीच्या तीन सारख्या खोळी शिवून घेतल्या. हेडफोन त्यांत घातले, वजन सारखं भासावं म्हणून हलक्याच्या खोळीत वाळूची पुडी टाकली, आणि खोळींवर आकडे टाकले, एक, दोन, तीन. कुठल्या खोळीत काय आहे हे त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. तिसरी खोळ अनेकांतची. शिवाय तिन्हींच्या वायरीत छोटे रेझिस्टर जोडून, मीटर लावून, नॉब सहाच्या खुणेवर असताना तिन्ही अगदी सारखेच वाजतील असं त्यांनी जुळवलं. कारण त्यांना पक्कं माहीत होतं, की दोन हेडफोनांतला एक केसभर जरी मोठा वाजला, तरी माणसाला तोच चांगला वाटतो. गुंडूलाच नव्हे, कुणालाही.

अभ्यासिकेतली दहा पोरंपोरी रविवारी दुपारी दुकानात आली. राजमतीबाई बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका. त्या समोरच्या खुर्चीवर वही मांडून बसल्या. “जे दिसंल ते लिव,” बापूसोंनी त्यांना बजावलं. “आपलं डोकं लावायचं न्हाय.” बाईंनी रकाने आखले. नाव, खोळ, गुण. आणि नॉबच्या आकड्याकडं बापूसोंनी मघापासून दोनदा बोट दाखवलं होतं, म्हणून आपणहून चौथा रकाना आखला, खूण.

बापूसोंची एक जुनी रीत होती. वायर बदलायची झाली की नॉब आधी शून्यावर आणायचा, वायर लावायची, मग हळूहळू चढवायचा. नाहीतर ऐकणाऱ्याच्या कानाला दणका बसतो. चाळीस वर्षांत त्यांनी ही रीत एकदाही मोडली नव्हती. आणि चढवताना ते नॉबकडं बघतही नसत, ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघत. आकडा अंगठ्याला कळतो, असं ते मोठ्या ऐटीत सांगत.

तर अशी परीक्षा झाली. आधी गणिताच्या एका शिकवणीची ध्वनिफीत, मग पेटी-तबला. दहाही जणांनी गुण दिले. शेवटी बापूसो स्वतः बसले. राजमतीबाई हळूच म्हणाल्या, “तुमाला तर कुठल्यात काय हाय ते म्हाईत हाय.”

“म्हाईत असलं म्हणून कान बदलतो व्हय?” बापूसो तडकले, आणि आपल्याच हातानं नॉब चढवून त्यांनी तिन्ही ऐकले. तिसऱ्याबद्दल त्यांनी तोंडी शेरा सांगितला, “आवाज मागं राहतोय. जीव न्हाय ह्यात.” बाईंनी तो लिहून घेतला.

बेरीज झाली. दोन नंबर, म्हणजे पुण्याचा, पहिला, एक नंबर दुसरा, आणि तिसरा सगळ्यांच्या मागं. अकराही जणांकडं शेवटचा. त्यांच्यातली क्रांती नावाची पोरगी म्हणालीसुद्धा, “तिसऱ्यात सर लांब बसून बोलल्यागत वाटत्यात.” बापूसोंना आत कुठंतरी एकदम बरं वाटलं. का बरं वाटलं, हे त्यांनी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तालमीनं चौकातल्या फळ्यावर खडूनं निकाल लिहिला, त्याखाली बापूसोंचं नाव घालून आभार मानले. मग काय विचारता! दूध आणायला गेले तरी लोक थांबवत. “पोटच्या पोराला सोडलं न्हाय, बापूसो. त्याला म्हणत्यात कान!” अमरसिंहांनी तर चारचौघांत त्यांच्या खांद्यावर हात टाकला. बापूसो वरवर “त्यात काय एवढं” म्हणत, पण त्या आठ दिवसांत त्यांची चाल बदलली होती.

अनेकांत भांडायला आला नाही. बापूसो त्याची वाटच बघत होते. काय उत्तर द्यायचं ते त्यांनी दोनदा मनात घोळवून ठेवलं होतं. पण त्यानं फक्त आईला फोन केला. राजमतीबाईंनी तो जेवताना सांगितला. दिवस मावळायच्या आत जेवायचं, ही त्या घरची रीत, त्यामुळं ताटावर अजून ऊन होतं.

“एजन्सीला न्हाय म्हणून कळवलंय म्हणला. माल खोक्यात भरून परत लावून दिलाय. कंपनीची पाटी बी उतरवली.”

“कुणी सांगितलंतं त्याला?”

“म्हणला, आण्णांचा कान चुकत न्हाय. मीच ऐकण्यात कमी पडलो.”

बापूसोंचा घास तोंडातच फिरत राहिला. तो आरडला असता, मुद्दाम केलं म्हणाला असता, तर त्यांना सोपं गेलं असतं. पोरानं विश्वास ठेवला. तीन वर्षं ज्याच्या स्टुलावर मोडके रेडिओ रचले, त्यानं बापाचा शब्द आपल्या कानापेक्षा मोठा मानला. याची चीड कुणावर काढायची हेच त्यांना कळेना, म्हणून त्यांनी भाजीत मीठ कमी असल्याची काढली.

राजमतीबाईंनी ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि वही आणून त्यांच्यापुढं ठेवली. “मला येक इचारायचं हाय. ह्यो चौथा रकाना बगा.”

बापूसोंनी बघितलं. बाईंचं अक्षर बालवाडीच्या फळ्यावरच्यासारखं गोल, सुटं. एक नंबरपुढं सहा. दोनपुढं सहा. तीनपुढं पाच. पुढच्या नावापुढं पुन्हा सहा, सहा, साडेपाच. त्याखाली सहा, सहा, पाच. पानभर तसंच.

“ह्ये काय लिवलंयस?”

“दिसलं ते लिवलं. आपलं डोकं लावू नकोस म्हणालता की तुमी.”

“तुला चष्मा लागलाय. लांबनं दिसत न्हाय तुला.”

“तिनातल्या येकाच आकड्याला बरं दिसत न्हाय मला,” बाई म्हणाल्या.

बापूसो पायांत चपला न घालताच दुकानात गेले. दुकान घराच्याच खाली होतं. बाई मागोमाग आल्या. त्यांनी दिवा लावला, तिन्ही खोळी काढल्या आणि त्यांना म्हणाल्या, “डोळं मिटा. मी वायर लावते, नंबर सांगते. तुमी रोजच्यागत चढवा.”

“एक,” बाई म्हणाल्या. बापूसोंनी नॉब चढवला आणि अंगठा थांबला. “सहा,” बाईंनी वाचलं. “तीन,” बाई म्हणाल्या. पुन्हा शून्य, पुन्हा चढ. “पाच.” बापूसोंनी घसा खाकरला. “त्या वायरीतच काहीतरी असंल. अंगठ्याला जड लागत असंल.” “तीन,” त्या पुन्हा म्हणाल्या. बापूसोंनी चढवला. “पाच. आता डोळं उघडा.”

त्यांनी डोळे उघडले. वायर एक नंबरच्या खोळीची होती.

“आता मिटा परत. एक.” अंगठा सरळ सहावर गेला. डोळे उघडले तेव्हा तीन नंबरची खोळ लावलेली होती.

गुंडूला भिंतीकडं तोंड करायला लावून त्यांनी जे केलं होतं, तेच बायकोनं त्यांना केलं होतं. गुंडूला निदान काहीतरी उत्तर सुचलं होतं. बापूसोंनी नॉबवरचा हात काढून घेतला. खोट हेडफोनात नव्हती. तीन हा शब्द कानावर पडला, की त्यांचा अंगठा आपणहून आखडत होता. आणि केसभर हळू वाजलेला मागं राहतो, हे कोल्हापुरात त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? दहा कोवळ्या कानांना त्यांनीच आपल्या हातानं फसवलं होतं, आणि अकरावा त्यांचा स्वतःचा कान.

“मग आता नीट ऐका की,” राजमतीबाई म्हणाल्या.

बापूसोंनी डोळे उघडे ठेवून, आकड्याकडं बघत, सहावर नॉब नेला आणि तीन नंबर कानाला लावला. चांगला वाजत होता. डग्गा घुमत होता. गणिताचे सर समोर बसून बोलत होते. दोन नंबर लावला, तर त्यापेक्षा हा उजवा वाटला. पुन्हा तीन लावला, डोळे भरून आले आणि त्यांनी संतापून तो काढून टेबलावर आपटला. आता गोड लागतोय तो खरंच गोड आहे, की पोरासमोर शरम वाटतेय म्हणून? याचा निवाडा कोण करणार? चाळीस वर्षं ज्याच्या जिवावर जगाला नावं ठेवली, त्या कानावर आता स्वतः बापूसोंचाच भरवसा उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन ते तालमीत गेले. अमरसिंह आणि गुंडू चहा पीत बसले होते, आणखी पाच-सहा जण होते. “माझा निकाल पुसून टाका,” बापूसो उभ्या उभ्याच म्हणाले. “माझी चूक झाली. तिसऱ्याला मी हळू वाजवत हुतो. ह्यो बगा आकडा. परीक्षा परत घ्या, पण नॉब दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या.”

अमरसिंहांनी वही हातातही घेतली नाही. त्यांनी हसून बाकावर जागा केली. “बसा, बसा. च्या घ्या. आमाला कळतंय की ओ, बापूसो. शेवटी बाप हाय तुमी.”

“बापाचा संबंध न्हाय ह्यात! आकडा बगा म्हणतो मी!”

“वैनींनी आईच्या मायेनं लिवलेला आकडा न्हवं त्यो?” गुंडू म्हणाला आणि सगळे हसले. वाईट हेतूनं नाही हो, मायेनंच हसले. तेच तर चीड आणणारं होतं. “आणि मागणी तर गेली की पुण्याच्या कंपनीला. तुमी खरं बोललात त्या दिवशी. आता पोरानं तोंड पाडलं म्हणून मागं फिरू नका.”

बापूसो घसा फोडून बोलले. शून्य, सहा, अंगठा, खोळ, सगळं सांगितलं. पण जितकं बोलावं तितकी समोरच्यांची मान जास्तच समजुतीनं हलायची. पोराला मागं ढकललं, तेव्हा गावानं त्यांना खरा कान म्हटलं. आता त्यांनी खरं सांगितलं, तर तो बापाचा जिव्हाळा ठरला. चौकातल्या फळ्यावर त्यांचं नाव अजून तसंच होतं. जाताना त्यांनी ते तळहातानं पुसलं आणि हाताला लागलेला खडू धोतराला फासला.

तिथून ते थेट राजारामपुरीत गेले. तीन वर्षांत ते मुलाच्या दुकानात पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. दुकान स्वच्छ, उजेडाचं. दारावर कंपनीच्या पाटीची जागा रिकामी, भिंतीत नुसते चार खिळे. आत गल्ल्याच्या बाजूला एक स्टूल होतं, रिकामंच. त्यावर काही रचलेलं नव्हतं.

“आण्णा?” अनेकांत चटकन उठला. “बसा. काय झालं? आई बरी हाय न्हवं?”

बापूसो स्टुलावर बसले. रिक्षातून येताना त्यांनी ठरवलं होतं, की ही गोष्ट आनंदाची म्हणून सांगायची. “तुजा माल चांगला हाय,” ते म्हणाले. “माझ्या परीक्षेत खोट हुती.”

अनेकांत ओशाळल्यासारखा हसला. “माझ्यासाठी खोटं बोलू नका, आण्णा. तुमाला जमत न्हाय ते. न्हाय आवडला तर न्हाय आवडला. मी मनाला लावून घेतलं न्हाय.”

हाही तेच म्हणाला. बापूसोंचा संयम संपला. त्यांनी वही उघडून काचेच्या टेबलावर त्याच्यापुढं सरकवली. “मी सांगतोय ते ऐकू नको. वाच तू.”

अनेकांतनं वही जवळ ओढली. पहिल्यांदा त्याला काही कळलं नाही. मग बापूसोंनी रकाना दाखवला, सहाची खूण म्हणजे काय ते सांगितलं, तीन नंबर कुणाचा ते सांगितलं. तो आठवीपासून त्या अँप्लिफायरपुढं बसलेला, त्याला जास्त समजवावं लागलं नाही. त्याचं बोट रकान्यातून खाली सरकत गेलं. पाच. साडेपाच. पाच. पाच. पानाच्या शेवटी आल्यावर तो पुन्हा वर गेला आणि पहिल्यापासून मोजू लागला.

“ह्यात तीनपुढं येकदा बी सहा न्हाय, आण्णा.”

“न्हाय.”

“अकरा येळा.”

“मुद्दाम केलं न्हाय रे. पार्श्वनाथाची आण.” बापूसोंचा आवाज बारीक झाला होता. “मला ठाऊकच न्हवतं.”

“मुद्दाम करणारा येकदा तरी इसरतो,” अनेकांत म्हणाला.

त्यानं वही मिटली. रागानं नाही, नीट, कोपरे जुळवून, आईची वस्तू मिटावी तशी. बापूसोंना वाटलं होतं, पोराचं तोंड उजळेल. तुझा कान खरा होता, हे त्याला सांगायला तर ते आले होते. पण अनेकांत समोरच्या रिकाम्या मांडणीकडं बघत राहिला. तिथं आठ दिवसांपूर्वीपर्यंत खोकी रचलेली होती.

“माल वाईट हाय असं मला वाटत हुतं,” तो म्हणाला. “तेच बरं हुतं. दोष मालाचा तरी हुता.”

दारात एक गिऱ्हाईक येऊन चार्जर विचारू लागलं, तसा अनेकांत त्याच्याकडं वळला. बापूसोंना स्टुलावरून उठायचं सुचलं नाही, आणि अनेकांतनंही त्यांना उठा म्हटलं नाही.